बाबांच्या गालावरचा शिक्का

मुलाने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. काचेला कोपऱ्यात तडा आहे, पण फोटो चांगले येतात. माय राहते ते गाव नरखेडकडे. मी राहते त्या बेसाहून तिथे जायचं म्हणजे बस बदलत जावं लागतं. खिडकी मिळाली की मी फोटो काढते.

माणसांचे चेहरे मी काढत नाही. चेहरा काढायचा तर विचारावं लागतं आणि विचारायचं तर बोलावं लागतं. म्हणून माझ्याकडे पाठी जमल्या आहेत. विहिरीवरची मोटर मागच्या सीटवर लुगड्याने बांधून नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याची पाठ. मोटर त्याला लेकरासारखी टेकलेली आहे. संत्र्यांच्या ढिगावर वाकलेल्या बायांच्या पाठी. कळमेश्वरच्या पुढे एका फाट्यावर बसथांब्याला छप्पर नाही. उन्हाळ्यात तिथे लोक विजेच्या खांबाच्या सावलीत उभे राहतात. सावली वीतभर रुंद, म्हणून एकामागे एक. सावली सरकली की रांगही सरकते. कोणी कोणाला सांगत नाही. तो फोटो मला सगळ्यात आवडतो.

पण मला खरा हवा होता तो मायचा फोटो.

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तेरवीला भिंतीवर काहीतरी पाहिजे, म्हणून भाऊ त्यांचं बँकेचं पासबुक घेऊन गेला. फोटोवाल्याने त्यातला फोटो मोठा केला. फोटोवर अर्धा शिक्का होता, तोही मोठा झाला. बाबांच्या डाव्या गालावर जांभळ्या अक्षरांत ‘शाखा’ असं स्पष्ट वाचता येतं. पाहुणे येतात, हात जोडतात आणि गाल वाचतात. मायचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिचं पासबुक मी पाहून ठेवलं होतं. तिचा शिक्का नाकावर आहे.

मी फोन वर केला की माय पदर तोंडावर ओढायची. दाराआडून काढून पाहिला, ती गहू निवडताना काढून पाहिला, चहा पिताना काढून पाहिला. माझ्याकडे तिच्या पदराचे बरेच फोटो झाले.

दिवाळीनंतर गेले, तेव्हा तिने स्वतःच फोन मागितला. डोळ्यांजवळ धरून एकेक फोटो पाहू लागली. वहिनी तिच्या मागे उभी.

"हे काय होय?"

"बसथांबा."

"मंग खांब्याचा फोटो कायले काढला?"

"सावलीत लोक आहेत नं माय."

"सारे पाठमोरे. रुसून राहिले का तुह्यावर?"

वहिनी हसली. "ताई, एखादं तोंड तं काढा!"

"विचारायची लाज वाटते," मी म्हटलं.

"अन् माह्यावर दाराआडून मांजरीसारखी टपून राहते. मले तरी विचारलं का वं कधी?"

विचारलं नव्हतं. मी जमिनीकडे पाहून विचारलं, "माय, तुहा फोटो काढू का?"

"नाही."

मी फोन पिशवीत ठेवला. विचारून झालं होतं. पण वहिनीने सोडलं नाही. "काहून नाही म्हणता?"

"बुढीचा एकटीचा फोटो कायले काढते, मले समजत नाही का? खिळाबी ठोकून ठेवला असन."

बाबांच्या बाजूला खिळा होता, पण तो कॅलेंडरचा. मायने सुपारी गालात सरकवली. मग म्हणाली, "तुह्या बापाले खाली काढ."

मी बाबांची फ्रेम उतरवली.

"जोडीचा फोटो काढ. जोडीचा फोटो मेलेल्याचा नसते. अन् एकच. दुसऱ्यांदा म्हणशीन तं नाही."

अंगणात बाज टाकली. माय बसली, बाबांना मांडीवर उभं धरलं. आधी पदराने काच पुसली. डाव्या गालावर जास्त जोर लावला. मग पदर डोक्यावर मागे सारला आणि सुई टोचून घ्यायला बसतात तशी सरळ माझ्याकडे पाहत राहिली. मी बटण दाबलं. ती लगेच उठली.

परतीच्या बसमध्ये मी फोटो मोठा करून पाहिला. माय छान आली होती. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं उघडं, आणि नाकावर काही नाही. बाबांच्या काचेत मात्र मी आले होते. दोन्ही हात वर, हातात फोन, तोंड फोनमागे. नेमकी डाव्या गालावर. शिक्का दिसत नव्हता.

त्या दिवशी खिडकीतून मी एकही फोटो काढला नाही.

फ्रेमवाल्याने फोटो पाहून विचारलं, "दोघांतलं वारलं कोण?"

"बाबा."

"ते तं पहिलेच फ्रेममधी आहेत. मंग हार कोणाले लावू?"

"कोणालेच नाही."

"अन् काचेत हे कोण बाई आहे? कॉम्प्युटरवर पुसून टाकतो."

"राहू द्या," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा जोरात झालं. शेजारचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

पुढच्या खेपेला मायने फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. "तू काहून मधात आली वं?"

"काचेत दिसली."

"पुसलं नाही का त्यानं?"

"मीच नाही म्हटलं."

तिने पदराने काच पुसली. या वेळी हळू पुसली. मग वहिनीला कॅलेंडर काढायला सांगितलं आणि फ्रेम त्या खिळ्यावर टांगायला लावली. आता भिंतीवर बाबा दोन आहेत. एकाच्या गालावर शिक्का, दुसऱ्याच्या गालावर मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने नेहमीप्रमाणे बाबांच्या फोटोला फूल वाहिलं आणि त्यातही बाबाच म्हणून एक शेजारच्या फ्रेमवरही ठेवलं. माय बाजेवरून ओरडली, "माह्यावर कायले वाहते वं? मी इथं चहाची वाट पाहून राहिली!"

वहिनीने ते फूल उचलून बाबांच्या पहिल्या फोटोवर ठेवलं आणि चहा मांडला.