बूट न काढता तपासलेला बॉयलर

येचॉनवाली किमचीच्या, म्हणजे मुरवलेल्या तिखट कोबीच्या, रांजणावर झाकण ठेवते, झाकणावर दगड ठेवते, आणि दगडाखाली एक बारीक काडी. काडी मोडलेली दिसली की कुंपणावरून हाक येते, "सुनजूची आई, काल माझ्या अंगणात कोण आलं होतं गं?" तीस वर्षं मी तिची शेजारीण. पण संशय म्हणून फिटत नाही बाईचा! मीही ऐकून घेत नाही. म्हणते, "तुझी खारट किमची चोरायला मला काय डोहाळे लागलेत?"

माहेर येचॉनचं म्हणून आम्ही तिला येचॉनवाली म्हणतो. नाव मो बुनरे, वय अठ्ठ्याहत्तर. लिहिता-वाचता येत नाही, पण माणसाचं तोंड मात्र सगळं वाचते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तो होता तोवर घरातल्या यंत्रांना हात लावायची तिची टाप नव्हती. परसातल्या खोलीत तेलावर चालणारा बॉयलर, त्याचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरणार, भिंतीवर डबी, डबीवर गोल खुंटी. सगळं त्याचं राज्य. तो गेल्यावर ती विजेची चटई अंथरून तिच्यावरच झोपायची, उठायची, जेवायची. आमच्या बोंगह्वा भागात निम्म्या म्हाताऱ्या असंच करतात, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही.

यंदा थंडीच्या तोंडावर, किमची घालायच्या आठवड्यात ती चटई जळाली. येचॉनवालीनं भिंतीवरची खुंटी टोकापर्यंत फिरवली. जमीन गार ती गारच! मला बोलावलं. मी डबीकडे बघितलं, लाल दिवा लागलेला. म्हटलं, "यंत्र जिवंत आहे बाई, आत काहीतरी बिघडलंय. सांगरोकला फोन लाव."

सांगरोक तिचा एकुलता एक मुलगा, सुवॉन शहरात असतो. येतो सणासुदीला, पण कसा? उंबऱ्याच्या कडेला टेकतो, बूट पायातच, एक रताळं खातो आणि घड्याळ बघत निघतो. या वेळी मात्र दुसऱ्याच दिवशी हजर, सोबत मा नावाचा मिस्त्री घेऊन. मिस्त्री परसात गेला, बॉयलरचं पत्र्याचं दार उघडलं, लावलं. म्हणाला, "आजी, बावीस वर्षांचं धूड आहे हे. दुरुस्तीचा उपयोग नाही. नवा बसवायचा, जमीन फोडून नळ्याही बदलायच्या. दहा दिवस लागतील."

सांगरोक लगेच म्हणाला, "आई, तेवढे दहा दिवस माझ्याकडे चल."

ते गेल्यावर येचॉनवाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "बघितलंस? बोलायच्या आधी त्या मिस्त्र्यानं माझ्या पोराकडे बघितलं. दोघांचं आधीच ठरलंय."

"काहीतरीच तुझं!"

"मग सांग, तो घरात का नाही आला? जमीन फोडायची म्हणतोय, आणि बूट न काढता निघून गेला? ज्यानं जमिनीला तळवा लावला नाही, त्याला जमिनीचं काय कळणार?"

खरंच होतं ते. शिवाय गल्लीतल्या होंगसनवालीचं आमच्या डोळ्यांसमोरच झालं होतं. गुडघ्याच्या औषधाला म्हणून दहा दिवस लेकाकडे गेली, आणि वसंतात तिच्या खिडक्यांना परक्यांचे पडदे. येचॉनवाली माझा हात दाबून म्हणाली, "मी एकदा या घरातून निघाले ना, की परत यायची नाही. मला इथेच मरायचंय गं." मला सांगरोकचा असा संताप आला की विचारू नका.

मीच मग ताक आडनावाच्या भावजींना बोलावलं. तिच्या नवऱ्याचे दोस्त, पंचवीस वर्षं बॉयलरची कामं केलेले, आता कानानं अधू. येचॉनवालीनं त्यांनाही दारातच अडवलं. "भावजी, सांगरोकचा फोन आला होता का तुम्हाला?"

"काय? कोण?"

"फोन, फोन!"

"मला फोनवर ऐकू येतं का, वहिनी?"

तेव्हा कुठे बाईनं वाट सोडली. भावजींनी बूट काढले, मोजेही काढले. अनवाणी सगळ्या खोलीभर चालले. नळ्यांना हात लावला, परसात जाऊन बॉयलरला कान टेकवला. बहिऱ्या माणसानं कान टेकवावा, मला हसूच फुटलं. मग ते भिंतीवरच्या डबीपाशी आले. डबीवर स्वयंपाकाचा तेलकट थर. त्यांनी अंगठ्यानं तो पुसला आणि बघतच राहिले.

"वहिनी, घरातलं कोण बाहेर गेलंय?"

"कोण जाणार? मी एकटी तर आहे."

"अहो, 'बाहेर'चं बटण दाबलेलं आहे. लाल दिवा त्याचाच."

मी कपाळावर हात मारला. घर रिकामं सोडताना आम्ही सगळेच दाबतो ते बटण. मग खुंटी कितीही फिरवा, बॉयलर पाणी गोठू नये एवढाच जळतो. डोळे असून मी आंधळी!

येचॉनवाली हळूच खाली बसली. "ह्यांनी दाबलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा. बूट घातलेले परत काढले आणि आत आले. म्हणाले, दोघंही बाहेर चाललोय, उगाच तेल कशाला जाळायचं? आल्यावर मी काढतो."

भावजींनी तेलकट अंगठा पायजम्याला पुसला.

मग म्हणाले, "बॉयलर अजून दोन हिवाळे काढेल. पेटायचा भाग तेवढा साफ करतो. नळ्या ठणठणीत आहेत." आणि त्यांनी बटणाकडे बोट नेलं.

"हात लावू नका!" ती ओरडली. मला वाटलं, झालं! आता ही गारठून मरेल पण ते बटण सोडायची नाही. ती भिंतीला धरून उठली. बटणावर बोट ठेवून उभी राहिली. मग एकदम भडकली, "आल्यावर काढतो म्हणे! तीन वर्षं झाली! कशाला खोटं बोललात हो मला?" आणि खटकन बटण दाबलं. परसात बॉयलर खोकला, गुरगुरला, पेटला. ती तिथेच भिंतीला डोकं टेकून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

दुपारपर्यंत कोपऱ्यातली जमीन ऊबदार झाली. तिनं मला सांगरोकला फोन लावायला सांगितला आणि पहिलंच विचारलं, "त्या मिस्त्र्याला तूच पढवलं होतंस ना?"

फोनचा आवाज मोठा, मलाही सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "हो. निदान हिवाळाभर तरी तू माझ्याकडे राहशील, असं वाटलं."

म्हणजे बाईचा संशय खराच निघाला! मला वाटलं, आता त्याची खरडपट्टी निघणार. पण तिचा आवाज चढला नाही.

"तीन वर्षं मी या घरात होते, बाळा. बॉयलरला वाटत होतं घरात कुणी नाही. त्याचं ठीक आहे, ते यंत्र आहे."

"आई..."

"रविवारी किमची घालायची आहे. ये," ती म्हणाली. "आणि या खेपेला बूट काढून आत बस."