तंबूचा नायक

आमच्या भिवंडीच्या शाळेतले कवायतीचे सर शनिवार-रविवारी गणेशपुरीजवळ सहावी-सातवीच्या मुलांची शिबिरं घ्यायचे. मी मदतीला जायचो. गावात दंगल होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी ते उर्दू शाळेतली मुलंही सोबत घेत आणि प्रत्येक तंबूत दोन्हीकडची मुलं मिसळून ठेवून त्यांच्यातलाच एक तंबूचा नायक नेमत. स्वतः मात्र उलट्या बादलीवर बसून राहत. मुलांनी काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "अपने नायक से पूछो."

एका शनिवारी दुपारच्या एस.टी.नं एका मुलाचे वडील आले. दिघाशीचे शेतकरी. तावातावानं म्हणाले, "सर, माझा पोर त्यांच्या पोरांसंग ऱ्हानार न्हाय. मी न्यायला आलोय."

"न्या की," सर म्हणाले. "फक्त त्याच्या नायकाला विचारा."

नायक म्हणजे उर्दू शाळेतला, एका लूम कामगाराचा मुलगा, चुलीपुढे बसलेला. त्यानं थोडा विचार केला. "ले जाओ, चाचा. मगर भात उसीने पकाया है. खाके जाओ."

ते जेवले. त्यांचा मुलगा वाढत होता, नायक पाणी देत होता. हात धुऊन ते सरांकडे आले. "उद्या सांजच्याला स्टँडवर येतो," एवढंच म्हणाले आणि एकटेच परत गेले.

मी सरांना विचारलं, "घेऊनच गेले असते तर?"

"नायकानं परवानगी दिली होती. मग मी कोण अडवणारा?" असं म्हणून सर तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.