आत्याच्या पिशवीतला हातोडा

शिक्षक संघटनेच्या इतिहासाची पुस्तिका निघाली. तीत माझ्या आत्याबद्दल एवढंच छापलंय, 'यांचेही सहकार्य लाभले.' डोंबलाचं सहकार्य! संघटना उभी राहिली तीच मुळी तिच्यामुळे.

आत्या शाळेत गणित शिकवायची. घरात आम्ही तिला फौजदार म्हणायचो. शिवणाच्या बाई बाळंतपणाची रजा संपवून परतल्या, तर संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही मूल सांभाळा, शाळा आम्ही सांभाळतो," म्हणे. आत्याचं डोकंच फिरलं. तिने सगळ्या शिक्षकांना गोळा केलं. बाईंना परत घेईपर्यंत कुणीही वर्गावर जायचं नाही, असं ठरलं.

सकाळी सगळे मैदानात बसले. घोषणा सुरू झाल्या. तेवढ्यात घंटा वाजली आणि आमचे हे वाघ उठले, कपडे झटकले आणि मुकाट वर्गावर गेले! इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली सवय. अध्यक्ष व्हरांड्यात पोट धरधरून हसले.

शाळा सुटल्यावर भाषेचे मास्तर मान खाली घालून म्हणाले, "बाई, घाबरून नाही हो उठलो. पाय आपोआप उठले."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "मीसुद्धा अर्धी उठले होते."

दुसऱ्या दिवशी घंटा झालीच नाही. व्हरांड्यात लोखंडी घंटा लटकत होती, पण तिचा हातोडा आत्याच्या पिशवीत होता, जेवणाच्या डब्याखाली. अध्यक्षांनी छत्रीच्या मुठीने घंटा बडवून पाहिली. मूठ तुटली. मैदानातलं कुणी हललं नाही.

ते तणतणत आत्यापुढे आले. "हातोडा द्या! नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. आधी बाईंना आत घ्या."

"मला सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"संघटना!" मागून भाषेचे मास्तर ओरडले. तोवर हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता.

अध्यक्षांनी ताणून पाहिलं, पण पालकही मैदानात येऊन बसले, तेव्हा त्यांनी हात टेकले. शिवणाच्या बाई बाळाला कडेवर घेऊन आल्या. आत्याने बाळ घेतलं आणि हातोडा त्यांच्या हाती दिला. बाईंनी असा काही टोला हाणला की बाळ दचकून रडायला लागलं. सगळे उठले, ताठ मानेने वर्गावर निघाले.

आत्याने ते रडकं बाळ अध्यक्षांच्या हातात ठेवलं.

"शाळा आम्ही सांभाळतो," ती म्हणाली. "तुम्ही जरा मूल सांभाळा."