वणीच्या बाईनं नेलं

रवी भगतची राख निवली नव्हती, तोवर वणीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत एक वाक्य फिरायला लागलं होतं: मिस्त्री पिऊन होता. ते कुठून निघालं हे त्याच्या बायकोला, उज्ज्वलाला, शोधत बसावं लागलं नाही. चौकातल्या चहाच्या टपरीसमोर, चारचौघांत, अवधूत सरमुकद्दमनं ते स्वतः म्हटलं होतं. "दारू पिऊन गाडीखाली शिरला, मी काय करणार?"

रवी! विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला ज्याचा आवाज आपोआप चढायचा, तो माणूस.

झालं होतं ते असं. अवधूतच्या आजोबांचा एक लांब नाकाचा जुना ट्रक घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभा होता. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथं तो चालवत न्यायचा असं अवधूतच्या मनानं घेतलं आणि काम रवीकडं आलं. रवीनं गिअरबॉक्स उतरवला, खोलून पाहिला. त्या दिवशी फोटोवाला येणार होता. चेसिसखालचे लाकडी ठोकळे फोटोत वाईट दिसतात म्हणून अवधूतनं ते काढून भिंतीशी रचायला लावले. गाडी एका जॅकवर राहिली. रवी आतून हत्यारं काढायला खाली सरकला आणि त्याच वेळी अवधूत फोटोसाठी केबिनमध्ये चढला. जॅक सरकला.

हे उज्ज्वलाला उकंडाबाबानं सांगितलं. उकंडा हा त्याच ट्रकचा जुना ड्रायव्हर. जवानी त्यानं त्या गाडीवर घालवली होती आणि त्या दिवशी हौसेनं बघायला आला होता. "पोरी, ठोकळे त्यानंच काढाले लावले. म्या या डोळ्यानं पाह्यलं." पण थकल्या ड्रायव्हरच्या शब्दाला विचारतो कोण? एकीकडे डोळ्यांत मोतीबिंदू असलेला म्हातारा, दुसरीकडे वकील-इंजिनिअरांचं घराणं. अपघात म्हणून सगळं मिटलं. मागं उरलं ते फक्त वाक्य. शाळेत मैत्रेयीला, उज्ज्वलाच्या मुलीला, पोरी विचारू लागल्या, "तुझे बाबा रोज प्यायचे का?" त्या संध्याकाळी मैत्रेयी जेवली नाही. उज्ज्वला तिच्याजवळ बसून राहिली.

रवीचं जुन्या स्पेअरचं दुकान होतं, ते तिनं उघडलं. लोकांना वाटलं, पोटासाठी. पोटासाठी होतंच. पण मरायच्या आदल्या दिवशी जेवताना रवीनं तिला एक गोष्ट सांगितली होती: त्या ट्रकच्या ओव्हरड्राइव्हच्या गिअरचाकांच्या जोडीचे दात उडाले आहेत, बुश जळून शाफ्टला चिकटलाय, आणि ही जोडी आता शोधूनही सापडायची नाही. उज्ज्वलाला ते बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं.

"बाबा, मले तो गिअरचा डब्बा शिकवा," ती एके दिवशी उकंडाला म्हणाली.

"कायले?"

"त्याले पायजे ते माह्या हातात पायजे."

उकंडानं दुकानातला एक मेलेला गिअरबॉक्स ओढून घेतला, दोन्ही टोकांच्या शाफ्टांवर खडूनं रेघ मारली. "हे पाय. साध्या गाडीत टॉप गिअरमंधी इंजिन एक चक्कर फिरलं का मांगचा शाफ्टबी एकच चक्कर फिरते. ओव्हरड्राइव्हमंधी इंजिनची चक्कर पुरी व्हायच्या आंधीच मांगचा शाफ्ट आपली चक्कर मारून समोर जाते. मोठं चाक लहान चाकाले पळवते. मनून सपाट रस्त्यावर इंजिन निवांत रायते अन् गाडी पळते. घाटात मात्र त्यात दम नसते, तिथं घातला का गाडी बसली."

"बाहेरून वळखू येते?"

"नाही ना. तीच तर गंमत हाये. खोका सेम टू सेम. हातानं फिरवून रेघ पायली तरच समजते. अन् दोन्ही चाकं एकाच जोडीची पायजेत. दुसऱ्याचं बसवलं तर रडते, मंग दात खाते."

ती शिकली. आधी हात काळे झाले, मग कान तयार झाला. पुढं पुढं दाताची झीज ती नख फिरवून सांगू लागली.

मग ती निघाली. चंद्रपूरची भंगार लाईन, आर्णी, दिग्रस, उमरखेड, नागपूरचे कबाडी. पिशवीत खडू आणि रॉकेलचं फडकं. जिथं त्या जातीचा खोका दिसेल तिथं उकिडवं बसायचं, रेघ मारायची, फिरवायचं. ओव्हरड्राइव्ह निघाला की घ्यायचा. बरेचसे दात गेलेले असायचे, तरी घ्यायची. अवधूतच्या हाती काही म्हणजे काही पडू द्यायचं नव्हतं. चंद्रपूरला एक छान, चकचकीत डबा मिळाला. फिरवून पाहिला तर रेघा बरोबर जुळल्या. साधा होता. तो मात्र तिनं जाणूनबुजून तिथंच ठेवला. पुसून, दर्शनी भागात.

चांगली जोडी सापडली ती फुलसावंगीला. लखीराम राठोड नावाच्या शेतकऱ्यानं बापाच्या मोडलेल्या ट्रकचा गिअरबॉक्स डिझेल इंजिनाला लावून त्यावर उफणणीचा पंखा चालवला होता. पंखा भिरभिर फिरत होता आणि इंजिन मात्र सुपारी खात बसल्यासारखं धकधकत होतं. तो आवाज ऐकताच उज्ज्वलाला कळलं. तिनं लखीरामला त्या बदल्यात विजेची नवी मोटर बसवून दिली. डबा जीपमध्ये चढवताना लखीराम म्हणाला, "याच्याच मांगं एक जन येऊन गेला. फोनवरचा फोटो याच्याशी लावून पाह्यला अन् पुढच्या टायमाले येतो म्हने."

"येऊ द्या," उज्ज्वला म्हणाली. "त्याले सांगजा, वणीच्या बाईनं नेलं."

तेच उत्तर अवधूतला सगळीकडं मिळू लागलं. कबाड्यापाशी जावं तर वणीच्या बाईनं नेलं. ड्रायव्हरला विचारावं तर वणीच्या बाईनं नेलं. शेवटी चंद्रपूरचा तो चकचकीत डबा त्यानं घेतला, दुसऱ्या मिस्त्रीकडून बसवून घेतला आणि गाडी रस्त्यावर काढली. सायकलीनं गाठावी असा वेग आणि इंजिनचा आक्रोश गावभर. मेळ्याचा नियमही आडवा आला: मूळ जातीचा पार्ट नसेल तर गाडी स्पर्धेत बसत नाही.

तेव्हा तो दुकानात आला. भर दुपारी, पांढऱ्या शर्टात.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्याकडे माझ्या गाडीची जोडी आहे असं कळलं."

"हाय."

"द्याल? तुम्ही म्हणाल ते..."

"मले तुमच्याजवळचं काहीच नको."

तो घुटमळला. "जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. खरंच."

"वाईट वाटाले टपरीवर जा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जिथं तुमी माह्या मालकाले दारुड्या म्हटलं, तिथं उभे राहून खरं काय झालं ते सांगा. मंग या."

तो निघून गेला. मेळा जवळ येत गेला. आजोबांच्या नावाचा फलक रंगवून झाला होता, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. एका सकाळी टपरीवाल्याचा निरोप आला, वहिनी, या. उज्ज्वला मैत्रेयीला घेऊन गेली. उकंडाही होता.

अवधूत उभा राहिला. आधी घसा खाकरला, मग जमिनीकडं पाहत बोलला. "रवी पिऊन नव्हता. ठोकळे मी काढायला लावले होते. केबिनमध्ये मी चढलो होतो. खोटं बोललो." ड्रायव्हरांच्या हातातले कप तसेच राहिले. मैत्रेयीनं आईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग तो उज्ज्वलाजवळ आला. "आता जोडी द्या, वहिनी. मी सांगितलं तसं केलं."

"केलं," उज्ज्वला म्हणाली. "पण जोडी देतो असं मी कधी म्हटलं? मंग या, इतकंच म्हटलं. तुमी आले. आता जा."

त्याच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग तिनं नीट पाहून घेतला. ते पाहण्यासाठीच तर ती इतकी गावं हिंडली होती.

रस्त्यात उकंडा चिडला. "दिऊन टाकाची होती. खरं बोलला ना तो? आता कोन खरं बोलंन?"

"बाबा, तो खरं कायले बोलला? पार्टासाठी. रवीसाठी नाही बोलला."

"तरी सूड पुरे, पोरी."

"तुमाले पुरे असंन."

उकंडा काही दिवस दुकानात फिरकला नाही. मग एका दुपारी आला, आपला स्टूल ओढून बसला, चहा मागितला.

मेळ्याच्या दिवशी अवधूतचा ट्रक ट्रेलरवर चढवून नेला आणि मैदानाच्या कडेला उभा केला. स्पर्धेत तो नव्हता. नागपूरहून परतलेल्या एका ड्रायव्हरनं हे दुकानात सांगितलं. सूड घेतला की माणसाला पोकळ वाटतं म्हणतात. उज्ज्वलाला तसलं काही वाटलं नाही. तिला बरं वाटलं. त्या दिवशी तिनं वरण-पोळी केली, वांग्याची भाजी केली, आणि मैत्रेयीनं दोनदा भाजी मागून घेतली.

जोडी तिनं विकली नाही. अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी अनोळखी माणूस येतो, अकोल्याचा आहे म्हणतो, हैदराबादचा आहे म्हणतो, आणि इकडचं तिकडचं विचारून हळूच त्या जोडीवर येतो. कुणी पाठवलंय हे तिला त्याच्या विचारण्यावरूनच कळतं.

"हाय," ती म्हणते. "तुमाले दाखवतो. देत नाही."