भांडणानंतरची गोळी

पंचवटीत झेंडूची क्रेट उतरवत होते, तेवढ्यात पुतण्याचा, बाळूचा फोन आला. "काकू, आई गेली..." मी क्रेटला लाथ घातली. फुलं चिखलात सांडली आणि मी ती तुडवत राहिले. थोरली जाऊ गेल्यावर धाकटी अशी पिसाळते का, असं बाजाराला वाटलं असेल. वाटू दे.

अक्काशी माझं हाडवैर होतं. शेताचा बांध एक, पाण्याची मोटार एक, त्यामुळे पाळीवरून रोज सकाळी जुंपायची. तिनं फेकलेल्या खुरप्यानं माझं कपाळ फुटलं, टाके पडले. मी बादली हाणून तिचा दात पाडला. मग तिला बीपी निघालं. आधी तीन गोळ्या होत्या, त्यातली कुठली घेतली नि कुठली राहिली, तिचं तिलाच ठाऊक नसे. डॉक्टरांनी तिन्ही औषधं असलेली एकच गोळी दिली, रोज घ्यायला सांगितली. अक्का ती कमरेच्या पिशवीत ठेवायची. भांडण आटोपलं की बांधावर उभी राहून, माझ्याकडे डोळे वटारत गिळायची. "तुह्या नावानं गिळते गं, सटवे!" भांडण रोजचं, म्हणून गोळीही रोजची. बीपी ताब्यात आलं. एका गोळीनं बाईंना शिस्त लागली, म्हणून डॉक्टर खूश होते.

गेल्या नवरात्रात बाळूनं आम्हा दोघींना वणीच्या गडावर नेलं. "तुमच्या भांडणानं आईचं बीपी वाढतं, काकू. देवीसमोर शपथ घ्या." घेतली. देवीची शपथ कोण मोडणार? मुकाट्यानं पाणी भरू लागलो. अक्का मला ठेचा पाठवायला लागली. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू...

घरी पोचले तर ती ओसरीवर निजवलेली, नाकाशी रक्त सुकलेलं. मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"गोळी घेत होती ना रे?"

"नाय, काकू. आई म्हणायची, आता भांडण नाय, डोकं लय थंड हाय, मंग गोळी कशाला?"

मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. राग म्हणजेच बीपी, अशी तिची समजूत होती. आम्हा सगळ्यांचीच होती.

आता मलाही तीच गोळी लागली आहे. सकाळी मोटार चालू करायच्या आधी ती घेते आणि अक्काच्या वावराकडे तोंड करून घसा फाटेस्तोवर ओरडते, "ये ना सटवे, भांडायला ये!" शपथ रोज मोडते. देवीला काय करायचं ते करू दे.