टाक्यातला काळा कण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर तेहतीस वर्षं संसार केला त्या नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर कुणी असलं की माझ्या तोंडून हे निघत नाही — करून बघितलंय.

मी भिवंडीत एका मराठी शाळेत गणित शिकवते. वय पंचावन्न. तोंडात अठ्ठावीस दात आहेत, सगळे स्वतःचे. आमचे जावई पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मला उसाचं कांडं सोलताना बघून म्हणाले, "आई, खरे आहेत का हो हे?" सगळे हसले. मीही हसले, तोंडावर हात न ठेवता. त्या हसण्याबद्दल मी कुणाची तरी फार ऋणी आहे. पण आमच्या घरात ते श्रेय ज्याला दिलं जातं, तो माणूस वेगळाच आहे.

आमचे हे, म्हणजे माझे पती, भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. गोष्ट सांगायची त्यांना हौस. लग्नात, बारशात, कुठेही दातांचा विषय निघाला की सुरू होतात — "आमच्या हिचे सगळे दात जाणार होते. टेमघरच्या एका नवशिक्या डॉक्टरणीनं वाटच लावली होती. बरं झालं, वेळेत ठाण्याला नेलं." सात वर्षं मी ही गोष्ट ऐकते आहे. किती वेळा? मी मोजणारी बाई आहे, पण हे मोजायचं मी मुद्दाम टाळलं. ते बोलत असतात आणि मी चहा गाळत असते.

आता मूळ गोष्टीकडे येते. येते म्हणते, पण जरा लांबूनच यावं लागेल.

मी तेरा वर्षांची होते. गावी दाढ दुखत होती आणि आईनं तिच्या डबीतली चिमूटभर काळी पूड माझ्या बोटावर ठेवली. "लाव जरा. थांबंल." मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची — आमच्याकडच्या बायका दात घासण्याचं म्हणून हेच करायच्या. दाढ थांबली. मी मात्र थांबले नाही. पस्तीस वर्षं.

लग्न ठरलं तेव्हा ह्यांची एकच अट होती, घरात तंबाखू नको. त्यांचे वडील तंबाखूनंच गेले होते, तोंडाच्या आजारानं. मी मान डोलावली. आणि मग? पहाटे पाचला, सगळ्यांच्या आधी उठायचं. बामची रिकामी डबी न्हाणीघरातल्या कोनाड्यात, कपडे धुण्याच्या ब्रशमागे. घरी कुणी नसताना तवा तापवायचा आणि वास राहिला तर सांगायचं, मिरच्या भाजत होते. दिवसातून चार वेळा. शाळेत दर शनिवारी मी मुलांचे दात तपासायची. पालकसभेत उठून सांगायची, "आयांनो, मशेरी सोडा. त्यात तंबाखू असते." पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना वाटायचं, बाई किती स्वच्छ!

सात वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरलं. फोटोत मला दिसलं, पुढच्या दोन दातांतली फट वाढली होती. ब्रश केला की रक्त यायचं आणि खालचे दात जिभेनं ढकलले तर हलायचे. भिवंडीतच, टेमघरला, औषधांच्या दुकानाच्या वर नवीन दवाखाना निघाला होता. डॉक्टर शलाका — वय असेल सव्वीस-सत्तावीस. वडील शेतकरी, घरातली पहिलीच डॉक्टर. बोलणं मोकळं. मला पहिल्या दिवसापासून "बाई"च म्हणायची, जणू माझ्याच वर्गात शिकली होती.

तिनं कार्ड भरायला घेतलं. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. तंबाखू, मशेरी, गुटखा? हे शेजारी बसले होते. मोठ्यानं हसले. "हिला? अहो, ही दुसऱ्यांच्या सोडवते!" डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही."

मग तिनं एक बारीक, खुणा केलेली सळी घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं. मिलिमीटरमध्ये, मोठ्यानं, लिहून घेत. तीन, तीन, पाच. चार, सहा, पाच. अठ्ठावीस दात, एकशे अडुसष्ट आकडे. तीनपर्यंत ठीक, म्हणाली. चार आणि त्यापुढचे सत्तावन्न निघाले — मी मनात मोजत होते. माझा आकडा तिच्या आकड्याशी जुळला तेव्हा ती खुश झाली. "बाई, तुमच्यासारखा पेशंट मिळाला तर माझं अर्धं काम झालं."

चार बैठकांत तिनं हिरड्यांच्या आतून साफसफाई केली. ब्रश कसा तिरका धरायचा, दोन दातांमधून बारीक ब्रश कसा फिरवायचा, हे माझा हात धरून शिकवलं. मी सगळं केलं. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, घड्याळ लावून. आणि त्यानंतर मशेरीही लावली. रोज. तुम्ही म्हणाल, हे कसं जमतं एका माणसाला? जमतं. मी जमवलं.

तीन महिन्यांनी तिनं परत मोजलं. सत्तावन्नचे वीसच्या आत यायला हवे होते. एकोणपन्नास निघाले. तिनं स्वतःचंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. कपाळाला आठी. "माझ्याच हातून काही राहिलं का?" असं ती पुटपुटली, मला नव्हे, स्वतःला. मग ह्यांना फोन आला म्हणून हे बाहेर गेले आणि ती खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "बाई, आता काका नाहीत. काही लावता का? मशेरी वगैरे? लावत असाल तर मला नुसतं सांगा. मी काही बोलणार नाही."

पहिलं खोटं ह्यांच्यासमोर पटकन निघून गेलं, असं म्हणता येईल. पण हे? दार बंद होतं. ती विचारत होती तेही किती हलक्या आवाजात. आणि मी ताठ बसून म्हटलं, "मी शिक्षिका आहे, डॉक्टर." जणू तिनंच माझा अपमान केला होता. ती ओशाळली. "सॉरी बाई," म्हणाली.

मग तिनं खालच्या डाव्या बाजूला छोटी शस्त्रक्रिया केली. हिरडी उघडून आतली मुळं साफ केली आणि टाके घातले. हात इतका हलका की मला कळलंही नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे मी डबी काढली. टाके डावीकडे होते, म्हणून उजवीकडे लावली. गणिताची शिक्षिका! तोंड एकच असतं, हे मला कळत नव्हतं का?

सातव्या दिवशी टाके काढायला गेलो. जखम भरलीच नव्हती. कड उघडी पडली होती, गाल सुजला होता. डॉक्टर वाकून बघत होती. टाके काढता काढता तिनं चिमट्यानं एका टाक्याखालून काहीतरी काढलं आणि पांढऱ्या गॉजवर ठेवलं. काळा कण. मोहरीच्या अर्ध्याएवढा. तिनं तो बोटानं चोळला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात हे आत आले. माझा गाल बघितला आणि आवाज चढला. "काय चाललंय काय हे? चार महिने झाले! हात बसवायला आमचंच तोंड मिळालं का तुम्हाला?" बाहेर चार माणसं बसलेली, त्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. दार उघडं होतं.

स्वतःला वाचवायला तिला एकच करायचं होतं. हात पुढे करायचा. गॉज तिच्या हातात होतं.

तिनं मूठ मिटली. ह्यांना म्हणाली, "काका, काहीतरी चुकलंय. मी परत बघते." "परत? चल गं, ऊठ."

माझ्या तोंडात कापूस होता. बोलता येत नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. पण कापूस तोंडात असतो. मान हलवायला काय अडचण होती?

मी उठले आणि त्यांच्यामागे जिना उतरले.

निघताना तिनं नेहमीचा सूचनांचा छापील कागद माझ्या हातात दिला होता. घरी उघडून बघितला. "तंबाखू, मशेरी पूर्ण बंद" या ओळीभोवती पेनानं गोल होता आणि खाली लिहिलं होतं — "हे थांबलं तर सगळे दात राहतील. दुपारी एक ते दोन मी एकटी असते. फोन करा."

मी तीन दिवसांनी केला. शाळा सुटल्यावर, जिन्याखाली उभी राहून. तिनंच विचारलं, "बाई, दिवसातून कितीदा?" "चार." "बरं. या आठवड्यात तीन. तलफ आली की आधी बडीशेप, मग ब्रश." मी म्हटलं, "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही हो." ती खळखळून हसली. "आठ दिवस रुसेल पोट. मग त्यालाही कळेल, बाई ऐकत नाहीत म्हणून. कोमट पाणी प्या."

तेवीस दिवसांत चारचे शून्य झाले. या तेवीस दिवसांत मी तिला एकोणीस फोन केले. एकदाही ती त्या दिवसाबद्दल बोलली नाही. एकदा मीच म्हटलं, "ह्यांना खरं सांगते मी." ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. मला हिरड्यांचं सांगा. रक्त येतं का अजून?" असं माणूस मला आयुष्यात दुसरं भेटलं नाही. पस्तीस वर्षांत जे कुणी सोडवलं नव्हतं, ते तिनं मला न लाजवता सोडवलं — आणि तेही मी तिला चारचौघांत लाज आणल्यानंतर.

दीड महिन्यानं हे मला ठाण्याला घेऊन गेले. तिथले डॉक्टर वयस्कर, नाव असलेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "जखम छान भरली आहे. आधीच्या डॉक्टरांचं काम फार स्वच्छ आहे." हे गाडी लावायला गेले होते. डॉक्टरांनी दात एकदा वरवर साफ केले, आता बरं होईल म्हणाले, बस. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "साफ केलं त्यांनी. आता बरं होईल म्हणाले." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि तरी मोजलं, तर ते माझं तिसरं खोटं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बिल्डिंगभर केलं होतं, "तिच्याकडं न्हाय जायचा आता. बाईंचा तोंड बघितला ना?" मीच तिच्याकडे अकरा घरं पाठवली होती, पहिल्या महिन्यात, मोठ्या कौतुकानं. अकराही बंद झाली. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका मला विचारायच्या आणि मी म्हणायची, "मी नाही जात बाई तिच्याकडे आता." वर्षाच्या आत टेमघरचा तो दवाखाना बंद झाला. आमच्यामुळेच झाला का, हे मला सिद्ध करता येणार नाही. अकरा घरांनी दवाखाना बुडत नसेलही. पण ती अकरा माझी होती, हे मात्र सिद्ध आहे.

आता ती सासरी, नाशिकला, दुसऱ्या एका दवाखान्यात काम करते. परवा तिला फोन केला. हे सगळं लिहिते आहे असं सांगायचं होतं, त्या दिवशी मी गप्प बसले हे तिच्या कानावर माझ्या तोंडून एकदा घालायचं होतं. तिनं आवाज लगेच ओळखला. "बाई! बंदच आहे ना?"

"बंदच आहे."

"मग झालं तर. आणि आकडे?"

"सगळे दोन-तीन. चारचा एकच, मागच्या दाढेला."

"वा! त्या दाढेत बारीक ब्रश फिरवा," म्हणाली. तिकडे पेशंट खुर्चीत बसला होता. फोन ठेवला. माझं सांगायचं राहिलंच. म्हणजे — मी राहू दिलं.

उद्या रविवार आहे. हे घरी असतील. हे कागद मी त्यांच्या हातात देणार आहे. ते चिडतील, आणि या वेळी ते योग्य माणसावर चिडतील. त्यांच्या गोष्टीत दुरुस्ती एवढीच : दात टेमघरच्या डॉक्टर शलाकानं वाचवले. जखम मी बिघडवली. तिनं मला दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.