एकटीने केलं म्हणे

आमच्या फाट्यावरच्या फ्लेक्सवर माझा चेहरा होता. चेहरा माझाच, रंग मात्र दुसऱ्याच कुणाचा. उन्हात धावून धावून मी तव्यासारखी झालेली, आणि फ्लेक्सवर मैद्यासारखी पांढरी. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘कुणाच्याही मदतीशिवाय, स्वबळावर! वनरक्षकपदी निवड.’ आणि त्याखाली अकॅडमीच्या सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, माझ्या फोटोपेक्षा मोठा. स्वबळ माझं आणि फोटो त्यांचा मोठा! त्या फ्लेक्सची मला आजही शिसारी येते. सरांची येते, त्या लाल अक्षरांची येते आणि सगळ्यात जास्त माझी मला येते.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यापासून थोडं आत. बाबा वाशिंदच्या एका कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. घरी आई आणि मी, थोडं भात, थोडी नागली. बारावीनंतर मी ठरवलं की वनरक्षक व्हायचं. जंगल आमच्या परसातच, त्यामुळे नोकरीही परसातली वाटली. लेखी परीक्षा असते आणि धावायचं असतं, तीन किलोमीटर, ठरलेल्या वेळेच्या आत.

त्यासाठी मी मुरबाडला अकॅडमी लावली. तिथे भिंतीवर एक सिंह होता, एक गरुड होता. दर रविवारी सर मोटिव्हेशन द्यायचे. “मेंढरं कळपानं चालतात. गरुड एकटा उडतो. तुम्ही कोण?” आम्ही सगळे ओरडायचो, “गरुड!” साठ गरुड एका पत्र्याच्या शेडमध्ये घामेजून बसलेले. माझी एक मैत्रीण परतीच्या एसटीत म्हणायची, “सर बोलले का अंगावर काटा येतो बघ. पन आपला फाटा येईस्तवर उतरतो.” मी तेव्हा तिच्यावर चिडायचे. मी ते गरुडाचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, दोन रंगांत.

पण गरुडाला धावायला रस्ता लागतो, आणि आमचा रस्ता म्हणजे गाव ते फाटा. मध्ये झाडी, भटकी कुत्री आणि मुद्दाम गाडी हळू करणारे बाप्ये. आईने साफ सांगितलं, “येकटी जायाचं नाय.” झालं, संपली भरती. तेव्हा शेजारची काकी म्हणाली, “मी जाते तिच्यासंगं. मला तसंबी गवताला जायाचंच असतं.”

काकी म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको, आमच्या भिंतीला तिची भिंत. उजाडलं की आम्ही दोघी निघायचो. वळणावर एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर ती बसायची. एका हातात गवताची कोयती, दुसऱ्या हातात माझा मोबाइल. मोबाइलवर वेळ लावायची आणि मी परत आले की बटण दाबायचं, एवढं काम. पहिला आठवडा माझी वेळ इतकी भारी येत होती की मला वाटलं, आपण आता थेट देशासाठीच धावणार. मग कळलं की मी लांबून दिसले की काकी बटण दाबते. विचारलं तर म्हणाली, “तू दमलेली दिसलीस गो. जीव कलवलला. म्हनून दाबला.”

एकदा एक मोटारसायकलवाला माझ्या बाजूने चालवायला लागला, काहीबाही बोलत. काकी मोरीवरून उठली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कोयतीची धार अंगठ्यावर तपासत राहिली. तो माणूस पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही.

गावातल्या बायका हसायच्या, हे खरं आहे. मी ट्रॅकपँट घालून पहिल्यांदा निघाले तेव्हा विहिरीवरून एकीने विचारलं, “काय गो, सलवार आटली का तुजी?” सगळ्या खिदळल्या, मीही खिदळले. त्याच बायकांनी त्या पावसाळ्यात माझं काम उचललं. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, मजूर लावत नाहीत. सावड असते. आज तुझं खाचर, उद्या माझं. सगळ्यांनी मिळून लावायचं आणि ज्या घराचं खाचर त्या घराने जेवण घालायचं. आमच्या घरातून दोघी जायच्या. त्या वर्षी मी लेखीच्या तयारीसाठी शहापूरच्या अभ्यासिकेत बसले होते. कुणी एका शब्दाने आईला विचारलं नाही की पोरगी कुठाय. काकीने सांगून टाकलं होतं, “तिची पात मी धरते.” म्हणजे चिखलात स्वतःच्या वाट्याची पट्टी ती लावायचीच, वर माझीही. पाऊसभर वाकून ती दोघींचं लावत होती आणि मी पंख्याखाली गरुड होत होते.

निवड झाली. सरांनी मुरबाडला सत्कार ठेवला. आदल्या दिवशी बोलावून हातात कागद दिला, माझं भाषण, त्यांनी लिहिलेलं. मी वाचलं आणि म्हटलं, “सर, यात काकी नाही. ती रोज माझ्याबरोबर होती.”

“बेटा, काकी काढून टाक. काकी आली की स्टोरी पडते. लोकांना एकटी मुलगी पाहिजे. संघर्ष दिसला पाहिजे.”

“पण बायका हसायच्या असं लिहिलंय. ते गमतीत होतं.”

“हसायच्या ना? मग खोटं काय त्यात?”

मला उत्तर सुचलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तेही खोटंच. उत्तर साधं होतं आणि ते मला ठाऊक होतं. मला त्या कागदावरची मुलगी आवडली होती, इतकंच. ती माझ्यापेक्षा शूर होती, एकटी होती, तिच्या चपलांना चिखल नव्हता.

सत्काराला आई आणि काकी एसटीने आल्या. काकीने लग्नाकार्यातली जांभळी साडी नेसली होती आणि केसांत अबोलीचा गजरा. माझं नाव पुकारलं तेव्हा तिच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या. मग मी माइकसमोर गेले आणि म्हणाले, “गावातल्या बायका मला हसायच्या. घरची साथ नव्हती. त्या रस्त्यावर माझ्यासोबत कुणीही नव्हतं. होती ती फक्त माझी सावली.” इथे सरांनी कंसात ‘थांबणे’ असं लिहिलं होतं. मी थांबले, आणि मला रडू आलं. ते खोटं असतं तर एक वेळ बरं होतं. पण ते अगदी खरं रडू होतं. मला माझीच कीव आली होती, त्या न घडलेल्या एकटेपणाची. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. तिसऱ्या रांगेत काकीचे हात मांडीवर होते.

परत येताना जीपमध्ये ती पुढे बसली. उतरताना एवढंच म्हणाली, “चांगली बोल्लीस गो. सगली गप ऐकत व्हती.”

मग तो व्हिडिओ फिरला. ज्याच्या-त्याच्या स्टेटसला मी. ‘मुलगी असावी तर अशी.’ वैशाखऱ्याच्या मामाने फोन केला, कसाऱ्याच्या मावशीने केला. मी प्रत्येकाला “हो, हो” म्हणत होते. काकीच्या दाराशी मात्र मला जाववेना. भिंतीला भिंत, पलीकडे तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, तरी जाववेना. गावात तोंड लपवायला जागा नाही आणि फाट्यावर माझंच तोंड आठ फूट लांब.

पाऊस आला, आवणी आली. नेमणुकीचं पत्र यायचं होतं, मी घरीच. आमच्या खाचराचा दिवस ठरला तशी आईची झोप उडाली. “नाय आल्या त्या, तं आपल्या दोघींना किती दिस लागतील? रोपां पिवली पडतील,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. तिने मला त्या भाषणाबद्दल एका शब्दाने कधी बोल लावला नव्हता. ते न बोलणंही मला आता मारच वाटतं.

त्या आल्या. सगळ्या आल्या. काकी सगळ्यांच्या आधी आली, काष्टा खोचून सरळ चिखलात उतरली आणि माझ्यापासून पार दुसऱ्या टोकाची पात धरली. मला इतकं हायसं वाटलं की मी गाणंच म्हणायची बाकी होते. दुपारी बांधावर जेवणं मांडली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वरण. आई वाढत वाढत काकीपर्यंत पोचली, तर काकीने कमरेचं फडकं सोडलं. आत नागलीची भाकर आणि कांदा.

“ह्ये काय गो? आज आमचं जेवान हाय ना?” आई म्हणाली.

“माजं मी आनलंय,” काकी म्हणाली. “मला बी कुनाचं लागत नाय.”

सावडीला न येणारीला कारणं असतात, ताप असतो, पाहुणे असतात. येऊन न जेवणारीला एकच कारण असतं, आणि ते तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. आणि मी काय केलं? मी खाली मान घालून वरण कालवलं. एवढी मोठी शूर मुलगी, सावलीशिवाय कुणी नसलेली, मला “काकी, चुकले” एवढं म्हणता आलं नाही. दुपारभर मी रोपं लावली आणि मनात स्वतःवर थुंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची कोयती घेतली आणि फाट्यावर गेले. एसटीची वेळ, दहा-बारा माणसं उभी. मी थांब्याच्या कठड्यावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागले. चहावाला म्हणाला, “अगो बाय, तुजाच तं हाय! सोताच काडतेस?”

“खोटा आहे म्हणून काढते,” मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले. मोरीवर कोण बसायचं, माझी पात कुणी लावली, सगळं सांगितलं. एसटी आली तरी दोघं-तिघं ऐकत राहिले. टाळी कुणी वाजवली नाही, तेच बरं झालं.

तासाभरात सरांचा फोन. “बेटा, वेड लागलं का तुला? फ्लेक्स फाडलास?”

“फाडला नाही सर, सोडवला. लाकडं झाकायला होईल. तुम्ही तो व्हिडिओ तेवढा काढून टाका.”

“नवीन बॅचची ॲडमिशनं चालू आहेत. नंतर बघू.”

ते नंतर अजून आलेलं नाही. व्हिडिओ आहे तिथेच आहे, आणि दर काही दिवसांनी कुणीतरी अनोळखी मुलगी मला लिहिते की ताई, तुमच्यासारखं मलाही एकटीने करायचंय. मी तिला लिहिते की ते खोटं होतं. बहुतेकींना ते विनय वाटतं!

फ्लेक्सची गुंडाळी घेऊन मी काकीच्या मागच्या दारी गेले. तिच्या लाकडांच्या ढिगावरचा प्लॅस्टिकचा कागद गेल्या वर्षीच फाटला होता. ती पायरीवर बसली होती. मी म्हटलं, “काकी, लाकडांवर घालायला आणलाय.”

तिने दोन बोटांत धरून पाहिला. “जाड हाय.”

“काकी, मी चुकले. तू होतीस, आणि मी कुणी नव्हतं म्हणाले.”

“मी व्हते का नाय ते मला ठाव हाय. मला काय सांगतेस? ज्यांना खोटं सांगलंस त्यांना सांग.”

“फाट्यावर सांगून आले आत्ताच.”

तिने लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग घाल. येकटीनं घाल.”

आणि बसून राहिली. मी घालायला लागले. आठ फुटांचा फ्लेक्स, वर वारा. एक टोक दगडाखाली दाबलं की दुसरं उडायचं. दुसरं धरायला गेले की पहिलं सुटायचं. माझा पांढराधोप चेहरा लाकडांवर फडाफडा आपटत होता आणि मी त्याच्यामागे पळत होते. दम लागला, हातात लाकडाचं कुसळ गेलं, डोळ्यांत पाणी आलं. या वेळी कंसात कुणी काही लिहिलेलं नव्हतं. काकी हातावर हनुवटी ठेवून बघत होती.

शेवटी ती उठली. “तोंड खाली कर त्याचं. कोंबड्या बुजतील,” म्हणाली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही चारी बाजूंनी दगड लावले.

हात झटकून ती घरात जायला वळली. पायरीवर थांबून, पाठमोरीच म्हणाली, “उद्या आमची आवनी हाय. सकाली ये. जेवान आमच्याकडं.”

दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या शेजारची पात दिली. दिवसभर बोलली नाही. दुपारी हातावर भाकरी ठेवतानाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग हात पुढे करून चौथी मागितली.